पॅरामेडिक घरी येऊन काय करू शकतात आणि कुठे थांबायला हवं

पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा रात्री अडीचला संडासला उठतात आणि चाळीच्या गॅलरीत तोल जाऊन पडतात. घरचे 108 ला फोन करतात. गाडी येते, तपासणी होते. हाड मोडलेलं नाही, डोक्याला मार नाही, बीपी ठीक. आता पुढे काय? आजच्या व्यवस्थेत इथून दोनच वाटा निघतात. एक, मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन सकाळपर्यंत बाकावर बसायचं. दुसरी, 'रुग्णाला न्यायचं नाही' अशी सही करून गाडी परत पाठवायची. आजोबा मुळात पडले का, हा प्रश्न दोन्हीकडे राहून जातो. कारण तसंच राहिलं की माणूस पुन्हा पडतो, आणि म्हातारपणी अशा पुन्हा पडण्यात खुब्याचं हाड मोडू शकतं.

तिसरी वाट अशी असू शकते: दोन दिवसांत एक प्रशिक्षित पॅरामेडिक घरी येतो, पडण्याची कारणं शोधतो, औषधं तपासतो, दवाखान्यातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा येऊन बघतो. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत याला सामुदायिक पॅरामेडिक सेवा म्हणतात. मुंबईसारख्या शहरात ती कशी चालू शकेल, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

पॅरामेडिक म्हणजे रुग्णालयाबाहेर, शेजारी डॉक्टर नसताना आणीबाणीतला रुग्ण सांभाळायला शिकलेली व्यक्ती. श्वासाची वाट मोकळी ठेवणं, ऑक्सिजन लावणं, सीपीआर म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबणं, शॉक देण्याचं यंत्र, रक्तस्राव थांबवणं, शिरेत सुई घालणं, ईसीजी काढणं, मोडलेला हातपाय बांधणं ही त्यांची रोजची कामं. आपल्याकडे लॅबमधल्या आणि एक्स-रे काढणाऱ्या मंडळींनाही सरसकट 'पॅरामेडिकल स्टाफ' म्हणतात. ते वेगळे. महाराष्ट्रात अजून एक वेगळेपण आहे. इथली 108 सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांची म्हणून सुरू झाली, आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, बहुतेकदा आयुर्वेद किंवा तत्सम शाखेचा पदवीधर. इतर बऱ्याच राज्यांत त्या जागी इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन असतो. म्हणून मुंबईकरांना पॅरामेडिक भेटतो तो बहुधा खाजगी रुग्णालयाच्या किंवा खाजगी कंपनीच्या गाडीवर, आणि तोही स्ट्रेचर उचलणारा म्हणूनच लक्षात राहतो.

खरं तर त्याच्या कामाचा गाभा वेगळाच आहे. अनोळखी घरात शिरायचं, अपुऱ्या उजेडात, दहा माणसं एकदम बोलत असताना, पाच मिनिटांत ओळखायचं की हा माणूस किती आजारी आहे. हे कौशल्य आपण फक्त गाडी कोणत्या रुग्णालयाकडे वळवायची एवढं ठरवण्यापुरतं वापरतो.

बाहेर काय करून पाहिलं गेलं

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाजवळच्या लाँग आणि ब्रायर या दोन बेटांवर या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर राहायला नव्हता, पण रुग्णवाहिका आणि पॅरामेडिक चोवीस तास होते. गाडीला फोन क्वचित यायचे. मग मधल्या वेळेत पॅरामेडिकनी बीपी, शुगर, जखमांची मलमपट्टी, इंजेक्शनं आणि घरभेटी सुरू केल्या. बेटावर एक वरिष्ठ नर्स आणि फोनवर डॉक्टर अशी जोड होती.

2007 मध्ये ब्रिटनमधल्या शेफिल्ड शहराचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या लोकांनी किरकोळ दुखापतीसाठी किंवा पडल्यावर फोन केला की जादा प्रशिक्षण घेतलेला पॅरामेडिक घरी जाऊन तपासायचा आणि शक्य ते उपचार तिथेच करायचा. नेहमीच्या पद्धतीशी तुलना केली तेव्हा कॅज्युअल्टीत जाणाऱ्यांचं आणि पुढच्या 28 दिवसांत भरती होणाऱ्यांचं प्रमाण कमी निघालं. याच देशात 2018 पासून जादा शिक्षण घेतलेल्या पॅरामेडिकना स्वतः औषध लिहून देण्याची परवानगी आहे.

मुंबईला सर्वांत जवळचा वाटतो तो कॅनडातल्याच ओंटारिओ प्रांताचा प्रयोग. तिथे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी सरकारी मदतीच्या इमारती आहेत. आठवड्यातून एकदा पॅरामेडिक इमारतीच्या सामाईक खोलीत बसतात, येईल त्याचं बीपी तपासतात, मधुमेहाचा आणि पडण्याचा धोका काढतात, आणि रहिवाशाच्या परवानगीने माहिती त्याच्या डॉक्टरला पाठवतात. असं टेबल लागलेल्या इमारतींतून रुग्णवाहिकेला जाणारे फोन इतर इमारतींच्या तुलनेत घटले. आपल्याकडच्या पुनर्वसनाच्या इमारती डोळ्यांपुढे आणा: एकाच पत्त्यावर शेकडो घरं, खाली सोसायटीचं ऑफिस, वर एकटे राहणारे किंवा दिवसभर एकटे असणारे म्हातारे. एका टेबलाने तिथे जेवढी माणसं भेटतील तेवढी गाडी फिरवून भेटणार नाहीत. फक्त ते टेबल सेक्रेटरीच्या खुर्चीशेजारी नको. कुणाची शुगर किती हे मजल्यावर पसरलं की दुसऱ्या आठवड्याला कोणी येत नाही. पडदा, वेगळा कोपरा आणि नाव न पुकारता टोकन, एवढं पहिल्या दिवसापासून हवं.

एक घरभेट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

नीट केलेल्या पहिल्या भेटीला 45 मिनिटं ते एक तास लागतो. दहा मिनिटांत उरकलेली भेट ही बीपी मोजण्याची फेरी होते, त्यातून फार काही हाती लागत नाही.

आल्याबरोबर बीपी मोजायचं नाही. चार जिने चढून पॅरामेडिक दमलेला असतो आणि पाहुणा आला म्हणून आजी लगबगीने उठलेल्या असतात. आजींना पाठीला टेकू देऊन, पाय जमिनीवर टेकवून, पायांची अढी सोडायला सांगून पाच मिनिटं शांत बसवायचं. लघवीला जायचं असेल तर आधी जाऊ द्यायचं. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली आहे का, हे विचारायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो, म्हणून पिशवीत किमान दोन मापांचे पट्टे हवेत. मोजताना बोललं तरी आकडा वाढतो, आणि आपल्या घरांत हेच सर्वांत अवघड जातं. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे.

श्वासाचा वेग पूर्ण एक मिनिट मोजायचा. हा आकडा सगळीकडे अंदाजाने '18' किंवा '20' लिहिला जातो, आणि प्रकृती बिघडत असल्याची खूण बहुतेक वेळा सर्वांत आधी याच आकड्यात दिसते. नाडी धरल्यासारखं करून छातीकडे बघायचं, म्हणजे रुग्ण मुद्दाम श्वास बदलत नाही. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावताना नेलपॉलिश किंवा गडद मेंदी आहे का ते बघायचं. बोटं गार असतील तर चोळून गरम करायची.

या आकड्यांवरून निर्णय घ्यायला ब्रिटनमध्ये एक गुणपद्धत वापरतात. श्वासाचा वेग, ऑक्सिजन, रक्तदाबाचा वरचा आकडा, नाडी, ताप आणि शुद्ध या प्रत्येकाला 0 ते 3 गुण, आणि बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी 2. एकूण 5 किंवा जास्त झाले तर तातडीने डॉक्टर, 7 किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. एकाच गोष्टीला 3 गुण पडले, उदाहरणार्थ श्वास मिनिटाला 25 किंवा जास्त, तरी डॉक्टरांना कळवायचं. सोळा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना ही पद्धत लागू नाही. जुनाट दम्यासारखा फुफ्फुसाचा आजार असलेल्या काही रुग्णांसाठी ऑक्सिजनचं लक्ष्यच 88 ते 92 टक्के असतं. त्यांच्या कागदावर हे ठळक लिहिलेलं हवं, नाहीतर नवखा माणूस घाबरून जोरात ऑक्सिजन सोडतो आणि त्यानेच रुग्ण गुंगीत जाऊ शकतो.

मग घरातल्या औषधांची पिशवी. "काकू, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या आणा, बंद केलेल्यासुद्धा." भेटीतला सर्वांत मोलाचा भाग हाच. पालिकेच्या दवाखान्याची पाकिटं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या पुडीतल्या गोळ्या, डिस्चार्जच्या वेळची महागडी पाकिटं आणि शेजारणीने दिलेलं गुडघ्याचं औषध, सगळं पलंगावर मांडायचं. प्रत्येक पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचायचं, कंपनीचं नाही. एकच बीपीची गोळी दोन नावांनी दोनदा चालू आहे असं बऱ्याचदा सापडतं. दुसरा सापळा दुखण्याच्या गोळीचा. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण येतो, त्यातून जुलाब झाले किंवा उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं की धोका वाढतो. यातली कोणतीही गोळी पॅरामेडिक स्वतः बंद करत नाही. तो फोटो काढतो, डॉक्टरांना दाखवतो आणि त्यांचा निर्णय मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवतो.

इन्सुलिन असेल तर बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन बघायची. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं: एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट. सिरिंजही वेगवेगळ्या, 40 साठी लाल टोपणाची आणि 100 साठी नारिंगी. 40 चं इन्सुलिन 100 च्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर शरीरात जातात फक्त 8 युनिट, आणि शुगर का उतरत नाही हे कुणालाच कळत नाही. उलट झालं, म्हणजे 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने 20 पर्यंत भरलं, तर जातात 50 युनिट. पहाटे माणूस बेशुद्ध सापडतो तो अशाने. मेडिकलवाल्याकडे नेहमीची सिरिंज संपली म्हणून दुसरी घेतली, एवढं कारण पुरतं.

शुगर मोजताना बोट साबणाने धुवून कोरडं करायचं. नुकताच आंबा किंवा केळं सोललं असेल तर न धुतलेल्या बोटावर शुगर खोटी जास्त येते. टोचायचं बोटाच्या कडेला, टोकावर नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पट्ट्या दमट होतात आणि आकडे भरकटतात. आकडा 70 च्या खाली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि 15 मिनिटांनी परत मोजायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखर ठसक्याने फुफ्फुसात जाते. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं, आणि त्यासाठीच घरी आलेल्याला शिरेत सुई घालता यायला हवी.

पडण्याचा इतिहास असेल तर दोन चाचण्या. रुग्णाला पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्यायचं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर रात्री उठल्यावर चक्कर का येते ते तिथेच समजतं. हे बऱ्याचदा प्रोस्टेटच्या किंवा बीपीच्या गोळीमुळे असतं, आणि डॉक्टरांनी गोळीची वेळ किंवा मात्रा बदलली की सुटतं. दुसरी चाचणी: खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका. 10 बाय 12 च्या खोलीत पलंग, कपाट आणि फ्रिजमधून तीन मीटर मोकळे मिळत नाहीत, तेव्हा खुर्ची सरळ गॅलरीत न्यायची. त्यानंतर घराकडे बघायचं: मोरीचा उंच उंबरठा, निसटणारं पायपुसणं, माळ्यावर जायची शिडी, सामाईक संडासापर्यंतचा अंधार. पलंगाजवळ रात्रीचा दिवा आणि भांडं ठेवणं हा उपाय साधा आहे, पण घरात येऊन बघितल्याशिवाय तो कुणाला सुचत नाही.

शेवटी डॉक्टरांना फोन. हा फोन कसा करायचा हे शिकवावं लागतं. आधी कोण, कुठून आणि नेमकं काय झालंय, मग मागचे आजार आणि औषधं, मग आत्ताचे आकडे, आणि शेवटी आपल्याला काय वाटतं आणि काय विचारायचंय. दीड मिनिटात. "सर, पेशंट जरा बरा वाटत नाहीये" असा फोन आला की ओपीडीत अडकलेला डॉक्टर 'पाठवून द्या' म्हणतो, आणि मग घरभेटीला अर्थ उरत नाही.

कोणाच्या घरी जायचं

सगळ्यांच्या घरी जाणं शक्य नाही आणि गरजही नाही. जिथे माणूस वारंवार रुग्णालयात परत येतो तिथे आधी जायचं. हृदय कमजोर झाल्याने भरती होऊन घरी आलेले रुग्ण या यादीत पहिले. त्यांना डिस्चार्जनंतर दोन-तीन दिवसांत भेटायचं. वजनकाटा कापडावर न ठेवता सपाट लादीवर ठेवायचा, रोज सकाळी लघवीनंतर आणि खाण्याआधी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नाही, साचलेलं पाणी आहे. त्याच दिवशी फोन. मिठाबद्दल बोलताना 'मीठ कमी खा' म्हणून उपयोग नाही. पापड, लोणचं, सुकट, फरसाण अशी नावं घेऊन बोलावं लागतं.

दुसरे, इन्सुलिन सुरू झालेले आणि पायाला जखम असलेले मधुमेही. तिसरे, पडलेले पण रुग्णालयात न नेलेले. चौथे, अंथरुणाला खिळलेले, ज्यांना लघवीची नळी किंवा पाठीला जखम आहे. यांच्या घरी लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली आहे ना आणि जमिनीला टेकलेली नाही ना, कूस दर दोन तासांनी बदलली जाते ना, टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी लाल झालीय का, एवढं बघितलं तरी पुष्कळ काही टळतं.

क्षयरोग, गरोदर माता आणि लसीकरण ही कामं पालिकेच्या आरोग्य सेविका, आशा आणि नर्स कितीतरी वर्षं करत आहेत. वस्तीतली प्रत्येक खोली त्यांना माहीत आहे. पॅरामेडिकने त्यांच्या कामात घुसायचं कारण नाही. त्यांनी 'या घरात जरा बघा' असं सांगितलं की जायचं आणि काय आढळलं ते त्यांना परत सांगायचं. ही परतीची बातमी दिली गेली नाही तर महिन्याभरात त्या सांगणं बंद करतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

जिथे घरी ठेवायचंच नाही

इथे आम्ही मुद्दाम कठोर आहोत. या सेवेतली सर्वांत मोठी चूक म्हणजे गंभीर माणसाला घरी ठेवणं, आणि ती बहुतेक वेळा एका ओळखीच्या वाक्याने सुरू होते: "काही नाही हो, गॅस झालाय." मधुमेही माणसाला, वयस्कर बाईला हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येतो. जबडा दुखतो, दोन खांद्यांच्या मधे दुखतं, घाम सुटतो, मळमळतं, दम लागतो. बेंबीच्या वर कुठेही नव्याने दुखत असेल आणि वय चाळिशीपुढे असेल तर पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढून डॉक्टरांकडे जायला हवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून झटका नाही असं होत नाही. त्रास चालू असेल तर नॉर्मल ईसीजी घेऊनही रुग्णालयातच जायचं. अॅस्पिरिनची 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यायची ती डॉक्टरांनी सांगितल्यावर, अॅलर्जी आणि रक्तस्रावाचं विचारून.

तोंड वाकडं होणं, एका हातातला जोर जाणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं हा लकवा समजायचा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून 'शेवटचं ठीक कधी पाहिलं' ती वेळ लिहायची आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालयच गाठायचं. इथे अॅस्पिरिन द्यायची नाही. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. आणि बीपी 200 दिसलं म्हणून जिभेखाली बीपी उतरवणारी कॅप्सूल फोडण्याची जुनी सवय पूर्ण बंद व्हायला हवी. बीपी एकदम कोसळून मेंदूचं आणि हृदयाचं रक्त तुटतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला लागलेला मार, गरोदरपणातला रक्तस्राव, तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप, नव्याने आलेला गोंधळलेपणा, म्हाताऱ्या माणसाचं न थांबणारं पोटदुखणं: यांपैकी काहीही असलं तर घरभेट तिथेच संपते आणि गाडी बोलावली जाते. हे ठरवताना डॉक्टरांच्या परवानगीची वाट बघायची नाही. नेण्यासाठी परवानगी लागू नये, घरी ठेवण्यासाठी मात्र नेहमी लागावी.

कायद्यात जागा किती

वाटते त्यापेक्षा बरी आहे. संसदेने 2021 मध्ये संलग्न आणि आरोग्य व्यावसायिकांसाठी, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून तंत्रज्ञ वगैरे मंडळींसाठी, राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याच्या परिशिष्टात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ म्हणजे पॅरामेडिकचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्यानुसार संलग्न व्यावसायिकाचं शिक्षण 2 ते 4 वर्षांत किमान 2,000 तासांचं आणि वरच्या श्रेणीतल्या आरोग्य व्यावसायिकाचं 3 ते 6 वर्षांत किमान 3,600 तासांचं हवं. तीन-सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर कुणालाही घरोघर पाठवणं या चौकटीत बसत नाही, आणि बसूही नये.

25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत आरोग्य कर्मचारी रुग्णाशेजारी बसून डॉक्टरांशी सल्लामसलत करू शकतो असं नमूद आहे. रुग्णाची स्पष्ट संमती घ्यायची, निदान आणि औषध डॉक्टरांचं. घरभेटीचा सगळा डोलारा सध्या याच तरतुदीवर उभा राहू शकतो. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 32 मध्ये मर्यादित परवान्याच्या 'सामुदायिक आरोग्य सेवा पुरवठादारा'चीही तरतूद आहे. आमच्या मते पॅरामेडिकनी आत्ताच स्वतः औषधं लिहिण्याच्या हक्कासाठी भांडू नये. आधी फोनवर खात्रीने उचलणारा डॉक्टर मिळवावा. तो नसेल तर परवान्याचा कागद असूनही रुग्ण तितकाच एकटा राहतो.

एका वॉर्डात सुरू करायचं तर

पहिला नियम: 108 च्या गाडीवरची माणसं काढून घरभेटीला लावायची नाहीत. ब्रायर बेटावर गाडी रिकामी होती, मुंबईत ती कधीच रिकामी नसते. वेगळी माणसं, वेगळी पाळी. गाडीही नको. भांडुपच्या डोंगरउतारावर किंवा धारावीच्या गल्लीत चारचाकीचा उपयोग मुख्य रस्त्यापर्यंतच असतो. 2017 मध्ये मुंबईत मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या त्या याच कारणाने. घरभेटीला स्कूटर आणि पाठीवरची पिशवी पुरते.

पिशवी आठ-नऊ किलोंच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण लिफ्ट बंद असतेच. आत दोन पट्ट्यांचं बीपी यंत्र, ऑक्सिमीटर, शुगर मीटर, थर्मामीटर, छोटा बारा लीडचा ईसीजी, मलमपट्टीचं सामान, सलाइनची सुई, ग्लुकोज, नेब्युलायझर, हातमोजे, मधुमेही पायाची संवेदना तपासायचा, 10 ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा धागा आणि सुया टाकायचा पांढरा, न टोचणारा डबा. वापरलेली सुई घरच्या कचऱ्यात जाता कामा नये. ती सकाळी सफाई कामगाराच्या हाताला लागते.

दोघांची जोडी हवी, त्यात एक बाई असावी. दिवसाला सहा ते सात घरं, जास्त नाहीत. दवाखान्यात एक ठरलेला डॉक्टर आणि तो नसेल तेव्हा दुसरा, दोघांचे नंबर भिंतीवर. 2022 पासून सुरू झालेले पालिकेचे 'आपला दवाखाना' संध्याकाळीही उघडे असतात, तिथे ही जोडी बसवणं सोयीचं.

पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं. गुडघाभर पाण्यातून चालून गेलेल्यांना लेप्टोच्या, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, प्रतिबंधक गोळ्या 72 तासांत मिळाव्यात असं पालिका दरवर्षी सांगते, आणि कुणाला किती द्यायच्या हे डॉक्टर ठरवतात. यातली नेहमीची गोळी डॉक्सिसायक्लिन, ती गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना चालत नाही. पाणी साचल्याच्या दुसऱ्या दिवशी पायाला जखम असलेल्या मधुमेहींच्या यादीवरून फोन करायला बसायचं, ते तिसऱ्या दिवसावर ढकललं की मुदत संपत येते.

मोजायचं काय, हे सुरू करण्याआधी ठरवावं. 'इतक्या भेटी झाल्या' हा आकडा कुणालाही वाढवता येतो. घरी ठेवलेल्यांपैकी किती जण 72 तासांत रुग्णालयात भरती झाले, हा खरा आकडा. तो शून्य आला तर बहुधा जरुरीपेक्षा जास्त माणसं रुग्णालयात धाडली जात आहेत. फार वाढला तर घरी ठेवण्याचे निर्णय चुकत आहेत. दर आठवड्याला डॉक्टर, पॅरामेडिक आणि आरोग्य सेविका यांनी एकत्र बसून अशी प्रत्येक केस उघडायची, केस पेपरवर कोणता आकडा लिहिलेला नव्हता ते शोधायचं, आणि पुढच्या सोमवारपासून तो रकाना रिकामा असेल तर भेट पूर्ण झाली असं धरायचं नाही.